लाल त्रिकोणाखालचा तांदूळ

आबा,

मी पहिल्या शिफ्टला निघाले. गाडीचे चारही दिवे आता एकदम लुकलुकतात. "डांगे चौकातून येताना चारही एकदम लागेनात, बघ जरा," म्हणालात तेव्हापासून चैन नव्हतं मला.

डावा-उजवा इंडिकेटर नीट लागत होता, म्हणजे बल्ब चांगले. फ्यूजही शाबूत. मग उरलं ते लाल त्रिकोणाचं बटण. कंपनीत आम्ही वायरिंग असंच तपासतो, एकेक बाद करत. बटण उचकटलं, तर खाली कुंकवाने माखलेला तांदूळ अडकलेला. दसऱ्याला सासूबाईंनी गाडी पुजली, तेव्हा अक्षता नेमक्या त्या त्रिकोणावरच वाहिल्या होत्या. मला हसू आवरेना.

पण एक कोडं राहिलंच. हे बटण माणूस दाबतो ते रस्त्यात मध्येच थांबावं लागलं तर. तुमची गाडी तर ठणठणीत आहे. मग डांगे चौकातून येताना तुम्ही कशासाठी थांबला होतात? पुन्हा चक्कर आली का?

यांना अजून काही बोलले नाही. संध्याकाळी आपण दोघंच दवाखान्यात जाऊ, रिक्षाने.

गाडीची किल्ली शोधू नका. ती माझ्या डब्याच्या पिशवीत आहे.

वर्षाली