एका संध्याकाळचा कर्नल

प्रिय लॉर्न,

तुझं पाकीट मिळालं. रेजिमेंटला दीडशे वर्षं होतायत, त्यानिमित्तानं निघणाऱ्या पुस्तकातलं परंपरांचं प्रकरण मी लिहायचं आणि 'जरा गमतीदार होऊ दे एव्हरेट, रडगाणं नको' हा तुझा हुकूम. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी तुझी कर्नलकी काही जात नाही. त्याच पाकिटात कोरीनचा अर्जही होता. नवऱ्याचं नाव रेजिमेंटच्या हॉलच्या भिंतीवर, कामावर असताना गेलेल्यांच्या यादीत कोरावं, हा तिचा दर वर्षीचा अर्ज. त्यावर तू पेन्सिलीनं लिहिलंयस, 'नेहमीसारखं नकाराचं पत्र तूच लिही.'

घोड्यांचा भाग सहज लिहून झाला. घोडे गेले, रणगाडे आले. मग तेही गेले, आणि सैन्यानं वापरून टाकलेल्या सहा चाकी चिलखती गाड्या आपल्या गळ्यात पडल्या. नाव मात्र अजून थॉर्नली हॉर्सच, म्हणजे घोडदळच. आपण सगळे फावल्या वेळेतले सैनिक. आठवडाभर तू गावाचे दात उपटायचास, मी टपाल वाटायचो, आणि मंगळवारी संध्याकाळी कवायतीला तू कर्नल, मी सार्जंट-मेजर, गावाची सगळी उतरंड उलटी व्हायची. बँकेचा मॅनेजर माझ्यापुढे ताठ उभा राहून, बूट का चमकत नाहीत ते सांगायचा. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

मग नाताळच्या जेवणाशी आलो आणि हात अडला. त्या संध्याकाळी अधिकारी शिपायांना टर्की वाढतात, आणि सगळ्यात नवा शिपाई कर्नलचा कोट घालून कर्नलच्या खुर्चीत बसतो. कोट अंगावर असेपर्यंत त्याचा हुकूम मोडायचा नाही, आणि आजवर कुणी मोडलेला नाही, असं आपण पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो. एका वर्षी तुला टेबलावर चढून गावं लागलं होतं. मी पोतंभर बटाटे सोलले होते.

अकरा वर्षांपूर्वी सगळ्यात नवा होता वेंडेल, कोरीनचा नवरा. चौतीस वर्षांचा, शाळेच्या बसगाड्यांचा मेकॅनिक. इतक्या उशिरा भरती झाला म्हणून पोरं त्याला आजोबा म्हणायची. तुझा कोट त्याच्या पोटावर बसेना. सगळे टेबलं बडवत ओरडत होते, 'हुकूम, आजोबा, हुकूम!' त्यानं काटा खाली ठेवला आणि म्हणाला, 'तीन नंबरची गाडी, मी तिचे ब्रेक उघडून बघेपर्यंत, शेडबाहेर निघणार नाही.' अख्खा हॉल हसून लोटपोट झाला. ग्रेव्हीचं भांडं हातात धरून तू म्हणालास, 'मेकॅनिकला खुर्ची द्या, तो आधी तिचे नट आवळेल!' मी टाचा जुळवून कडक सलाम ठोकला, 'होय सर!' तो एकटा हसला नाही. कोट उतरवताना मला हळूच म्हणाला, 'साहेब, मी थट्टा नाही केली हां.' मी म्हटलं, 'मंगळवारी बघू.'

मंगळवारी मी तुला विचारलं, हे तू विसरला नसशील. तू म्हणालास, सरावाला एक जरी गाडी कमी दिसली तर वरचे लोक आपली तुकडीच बंद करतील. जवळजवळ एकशे चाळीस वर्षांच्या इतिहासापुढे एका मेकॅनिकची शंका काय मोठी? मी मान डोलावली. फेब्रुवारीत खडीच्या खाणीच्या उतारावरून तीन नंबर उलटी झाली. चालवत वेंडेलच होता, जागीच गेला.

चौकशीत विचारलं, ब्रेकबद्दल कुणी तक्रार केली होती का? तू नाही म्हणालास, मीही नाही म्हणालो. आदल्या दिवशी तुझ्या दवाखान्यात बसून आपण ठरवलंच होतं, की तक्रार म्हणजे कागदावरची, जेवणातली मस्करी नव्हे. निकाल लागला, चालकाची चूक, त्याला झोप लागली असावी. म्हणून भिंतीवर नाव नाही. ती नावं ठरवणाऱ्या समितीचा तू अध्यक्ष, मी चिटणीस, आणि नकाराची ती गोड भाषा दर वर्षी माझी. मला स्वतःची किळस येते लॉर्न, आणि तुझीही.

यंदा मी नकार लिहिला नाही. काल कोरीनच्या स्वयंपाकघरात बसून तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही, ओरडलीही नाही. तिनं वरच्या खोलीतल्या लेकीला हाक मारून खाली बोलावलं. शॅनन आता सतरा वर्षांची आहे, आणि बाप स्टिअरिंगवर झोपला होता हे तिला शाळेत इतरांच्या तोंडून ऐकावं लागलंय. कोरीन म्हणाली, 'परत सांगा एव्हरेट, हिच्यासमोर.' मी परत सांगितलं. दुसऱ्यांदा फार वेळ लागला. आज सकाळी माझा सहीचा जबाब चौकशी कचेरीकडे रवाना केलाय. त्यात तुझंही नाव आहे. सोमवारी तुला फोन येईल. शाळेपासूनची मैत्री म्हणून आधी कळवतोय, पण वकील गाठायला नव्हे. मधे दोन दिवस आहेत. कोरीन चारनंतर घरीच असते.

तुझाच, अजून तरी,
एव्हरेट