नियमात बसण्याचं वर्ष

४ फेब्रुवारी २००६
राज्यसेवा परीक्षेची जाहिरात आली. विनयने चहा बाजूला ठेवून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचली. स्वतः वर्षानुवर्षं राज्यसेवा दिलेला माणूस. मग वय उलटलं आणि कचेरीत कारकून तो कारकूनच राहिला. पण नियम अजून तोंडपाठ.
"विषय नंतर, सुजाता. आधी नियम. नियमात बसलीस तर अभ्यास." मग बोटांवर मोजत: पदवी, आहे. मराठी, येतं. वय तेहतीसच्या आत, म्हणजे याच वर्षी काय ते. लहान कुटुंब, हयात अपत्यं दोन. "केतकी, मुक्ता. झाली दोन. बसतेस."
तिसरं झालं तर? मी सहज विचारलं.
"तर बाद. निवड झाली असली तरी बाद."
खूश दिसला. नियम सांगताना तो नेहमी खूश असतो.
(इथे त्याला नावाने लिहिते. तोंडाने 'अहो'.)

९ फेब्रु.
मुख्य परीक्षेच्या दोन ऐच्छिक विषयांवरून वाद. मी मराठी वाङ्मय आणि वनस्पतीशास्त्र म्हटलं. कॉलेजात तासांवर वनस्पतीशास्त्रच शिकवते, दुसरं काय घेणार? विनयला लोकप्रशासन हवं. त्याच्या नोट्स आहेत, ट्रंकभर.
"मराठी घेऊन कोणी डेप्युटी कलेक्टर होतं का?"
"लोकप्रशासन घेऊन तरी कुठे झालं कोण," मी म्हटलं.
सासूबाई पावसहून आल्या होत्या, त्यांच्यासमोर. त्याने ताटातला हात थांबवला, मग जेवला. सा.बा. मला म्हणाल्या, "जीभ आवर गो. साहेबीण व्हायच्या आधीच एवढी."
मराठी आणि वनस्पतीशास्त्र. ठरलं.

२१ मे
पूर्व परीक्षा दिली. सेंटर इथलंच, मारुती मंदिराजवळची शाळा. लहान मुलांचे बाक, गुडघे अडकत होते. आजूबाजूला सगळी बाविशी-तेविशीतली पोरं. एकाने विचारलं, "मॅडम, तुम्ही सुपरवायझर ना?"
पेपर बरा. भूगोल सोपा. गणिताला वेळ कमी पडला.
घरी आले तर मुक्ताला ताप. विनय: "सकाळपासून आहे. म्हटलं, तुला कशाला डिस्टर्ब करा." म्हणजे मी निघाले तेव्हाही होता. सांगितलं नाही. आणि औषधही दिलं नाही.

१७ ऑगस्ट
पूर्व पास.
विनयने कचेरीत पेढे वाटले. साहेबांनी त्याची पाठ थोपटली म्हणे. घरी येऊन शर्ट काढता काढता तो प्रसंग दोनदा सांगितला. खरंच आनंद झालाय असं वाटलं. मला बरं वाटलं, उगाच संशय घेते म्हणून वाईटही वाटलं.
जेवताना केतकीला म्हणाला, "आई साहेब झाली की तिची बदली गडचिरोलीला. तुम्ही दोघी आजीकडे पावसला. आई दिवाळीला येईल, रजा मिळाली तर."
केतकी आठ वर्षांची. ताटावरून उठली आणि माझ्या पोटाला मिठी मारून रडायला लागली. मुक्ताला काही कळलं नाही, पण ताई रडते म्हणून तीही.
मी त्याच्याकडे पाहिलं. तो आमटी वाढून घेत होता.

६ सप्टेंबर
तांबी काढावी लागली. दोन महिने अंगावर जात होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही महिने शरीराला विश्रांती द्या, तोवर मिस्टरांना काळजी घ्यायला सांगा.
मुक्ताच्या वेळीच ऑपरेशन करून टाकायचं होतं. सा.बा. दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिल्या होत्या, मुलगा झाल्याशिवाय सही करू देणार नाही म्हणून. विनयने त्यांना उठवलं नाही.
आज त्याला सांगितलं, अगदी स्पष्ट शब्दांत. "माझ्यावर सोड," म्हणाला. "तू अभ्यास कर."

२९ ऑक्टोबर, भांडुप
मुख्य संपली. आठवडाभर इथे थोरल्या जाऊबाईंकडे, शैलावहिनींकडे. भावजी फारसं बोलत नाहीत, पण रोज मला सेंटरवर सोडायला आले. वहिनी मी अभ्यासाला बसले की टीव्ही बंद ठेवत. डबा, थर्मास, वर एक लिंबू, "चक्कर आली तर".
त्यांच्या लग्नाला पंधरा वर्षं. मूल नाही. दवाखाने झाले, देवस्थानं झाली. आतली खोली अजून रिकामी ठेवलीय. मी त्यातच झोपले. भिंतीला फिका पिवळा रंग.
मराठीचा दुसरा पेपर फार छान गेला. इतका की बाहेर आल्यावर हसूच येत होतं. वहिनींनी विचारलं, "साहेब झालीस की काय करशील गो पहिल्यांदा?" मी म्हटलं, टेबलावर पाटी. माझ्या नावाची. खरंच एवढंच आहे. लोकसेवा वगैरे मुलाखतीत सांगेन.

१० डिसेंबर, पावस
बागेत मोहराला फवारणी चालू. वास नाकात गेला आणि गड्यांसमोर उलटी झाली. सा.बा. पाठीवरून हात फिरवायला आल्या. कधी नव्हे ते. चेहरा उजळलेला.
तारीख उलटून गेलीय ते मला माहीत होतं. परीक्षेच्या ताणाने असेल म्हणत होते.
म्हणत होते म्हणजे, स्वतःला फसवत होते.

१२ डिसें.
डॉक्टरीणबाईंनी तपासलं. आहे.
विनयला सांगितलं. तो पेपर वाचत होता, वाचत राहिला. मी म्हटलं, तुम्ही 'माझ्यावर सोड' म्हणाला होतात.
"झालं असेल एखादे वेळी. माणूस आहे."
"तुम्हाला नियम माहीत आहे."
"मला सगळेच नियम माहीत आहेत." मग पेपर घडी घालून ठेवला आणि अगदी हळू, मुलींना ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "मला नियम आडवा आला तेव्हा कोण रडलं होतं गो? तुला आला तर जग बुडेल?"
हे लिहून ठेवतेय, कारण उद्या तो म्हणेल की असं बोललोच नाही.

१५ डिसें.
सा.बा. राहायलाच आल्या. नारळ, साजूक तूप, डिंक. मुलगाच आहे म्हणतात, माझ्या चालीवरून. खात्री करायची तर घाटावर एक डॉक्टर आहे, मशीन लावून बघून सांगतो, कोणाला कळत नाही.
"मुलगा असला तर ठेवायचा. परीक्षा काय, आज आहे उद्या नाही. मुलगी असली तर काढ, आणि मग जा तुझ्या मुलाखतीला, मी अडवायची नाही."
म्हणजे मुलगी असेल तर मी अधिकारी. मुलगा असेल तर आई.
मी घाटावर जाणार नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग ऱ्हा तशीच." पण तूप रोज वाढतात.

१९ डिसें.
शैलावहिनींचा फोन. सा.बा.नीच कळवलं असणार. आधी इकडचं तिकडचं, मुलींची चौकशी. मग आवाज बदलला.
"सुजाता, मला दे. मुलगी असो, मुलगा असो. तू फक्त जन्म दे, बाकी मी सगळं... तुझी नोकरीपण राहील. कागदावर आमचंच."
हे मला सुचलंच नव्हतं. मूल जगेल, पिवळ्या खोलीत वाढेल, आणि मी... विचार करून सांगते म्हटलं.
विनयला विचारलं. दुसरं कोणाला विचारणार? नियम त्यालाच पाठ. तो हसला. "दत्तक दिलं तरी ते तुझंच धरतात. जन्म दिलास ना? हयात आहे ना? मग तीन." थोडं थांबून, "हां, हयात नसलं तर गोष्ट वेगळी."
मुक्ता त्याच्या मांडीवर बसली होती. तिच्या केसांतून हात फिरवत होता.

२२ डिसें.
वहिनींना फोन केला. नियम समजावून सांगितला. त्यांना पटेना. भावजींच्या ओळखीचे वकील, कोणी मंत्रालयातले, काहीतरी मार्ग निघेल, तू घाई करू नकोस. पुन्हा पुन्हा तेच. शेवटी रडायला लागल्या.
मी म्हटलं, "मूल हवं असेल तर अनाथाश्रमात जा. माझ्या पोटाकडे बघू नका."
फोन त्यांनी ठेवला की मी, आठवत नाही.
पंधरा वर्षांत त्यांना इतकं कोणी लागट बोललं नसेल. सा.बा.सुद्धा नाहीत.

४ जानेवारी २००७
मुख्य पास. मुलाखत फेब्रुवारीत.
कॉलेजात प्राचार्य सरांनी सगळ्यांसमोर उभं केलं, टाळ्या. मी हसले. एका विद्यार्थिनीने वाकून नमस्कार केला, वाकताना तिचं डोकं पोटाला लागलं आणि मी मागे सरले. ती घाबरली, काही चुकलं का म्हणाली.
घरी आज पेढे नाहीत.

६ जाने.
डॉक्टरीणबाईंकडे एकटी गेले. विनय सांगत होता, नवऱ्याच्या सहीशिवाय काढायला कोणी हात लावणार नाही, आणि सही तो करणार नाही. मी ते धरूनच चालले होते. खरं तर त्यावरच टेकून होते. तो सही करत नाही, मग माझ्या हातात काय?
बाईंनी मान हलवली. "सही तुमचीच लागते. त्यांची नाही."
इतके दिवस सगळं त्याने केलं, सा.बा.नी केलं, नियमाने केलं. आता माझ्याशिवाय कोणी उरलं नाही.
"आणखी उशीर नको," बाई म्हणाल्या. "पण नको असेल तरच. तुम्ही नको म्हणताय की परीक्षा नको म्हणतेय, ते घरी जाऊन बघा."
घरी जाऊन कुठे बघू? दहा तारीख घेतली.

७ जाने.
विनयला सांगितलं. वाटलं होतं ओरडेल, मारेलही. नाही. म्हणाला, "कर. आणि मुलाखतीत नापास झालीस तर? तेव्हा काय सांगशील स्वतःला?"
त्याने आजवर केलेल्या सगळ्यात हाच घाव नेमका बसला. तो दाढी करायला निघून गेला. मी भांडी घासली. सगळी, घासलेलीसुद्धा.
हात सारखा पोटाकडे जातो. काढून घेते.

९ जाने.
सकाळी दार उघडलं तर शैलावहिनी. मुंबईच्या गाडीने, एकट्या. केस विस्कटलेले, हातात लहान बॅग. मुली "काकू, काकू" करत बिलगल्या. मला तोंड वर करवेना. त्या म्हणाल्या, "चहा टाक गो, गाडीत झोप नाही." फोनचं एक अक्षर नाही.
विनय खुलला. "बरं झालं आलात. तुम्हीच समजवा हिला आता." सा.बा.नीही देवापुढे साखर ठेवली. वहिनी म्हणाल्या, "बघते."
दिवसभर घरात राबत होत्या. केतकीच्या वेण्या घातल्या, डाळ फोडणीला टाकली. दुपारी विनय कचेरीत, सा.बा. आडव्या झालेल्या. आम्ही दोघी मागच्या दारी कपडे वाळत घालत होतो.
"कधी?"
"उद्या. दहा वाजता."
मुक्ताचा फ्रॉक त्यांनी झटकला, चिमटा लावला. मी म्हटलं, वहिनी, त्या दिवशी मी जे बोलले... "ते राहू दे," म्हणाल्या. बादलीतला पुढचा कपडा पिळला. मग: "माझं दोनदा राहिलं होतं. टिकलं नाही. दोन्ही वेळा साफ करायला एकटीच गेले, हे ड्युटीवर. बाहेर बाकावर आपलं कोणी असावं लागतं. मी येते उद्या."
मी विचारलं, सोबत म्हणून येताय की थांबवायला?
त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. डोळे कोरडे होते.
"खरं सांगू? मलाच ठाऊक नाही. रिक्षात बसल्यावर कळेल."
मी म्हटलं, मलाही.
बादली उचलून त्या आत गेल्या. केतकीची शाळा सकाळची. मुक्ताला शेजारी ठेवायचं. मग रिक्षा.