भुऱ्याला रडणं सोसायला शिकवलं त्याची हकीकत

मु. तांडा, ता. पुसद
महाशिवरात्रीचा दुसरा दिवस, १९५९

राजमान्य राजश्री व्याही नेमसिंगजी यांच्या चरणी आणि खांद्याशी प्रेमसिंगचा रामराम. (थोरांच्या चरणी लिहावं आणि बरोबरीच्यांना खांद्याशी भेटावं, एवढं मास्तरांनी चौथीपर्यंत शिकवलं. होणारे व्याही यांतले कोण, ते पाचवीच्या पुस्तकात असणार आणि पाचवीला मी गेलो नाही. म्हणून दोन्ही घातलं आहे, लागू पडेल ते घ्यावं.) आपली बंजाऱ्यांची बोली कागदावर कशी लिहितात हेही मला कुणी दाखवलं नाही, तेव्हा पत्र मराठीत आहे. इकडे सर्व खुशाल. विहीणबाईंच्या गुडघ्यांना आराम पडला का, चिरंजीव पूनमसिंगचा खोकला गेला का, आणि फुलसावंगीच्या बाजारातून घेतलेल्या नव्या जोडीतला डावा बैल अजून खाली बसतो का, हे सवडीनं कळवावं. बसत असेल तर त्याला मारू नये. जनावराच्या मनात काय असतं याचा मी अलीकडे पुष्कळ अभ्यास केला आहे आणि पत्राचा विषयही तोच आहे.

माझ्याविषयी दोन गोष्टी तुमच्या कानी गेल्या असतील. पहिली अशी, की तुमचे धाकटे बंधू बाबुलालजी लग्नाची तारीख धरायला आमच्याकडे आले आणि परत जाताना धोतराऐवजी आमच्या घरची चादर नेसून गेले. दुसरी अशी, की मुलीचा बाप रोज सकाळी तांड्याबाहेर बाजाराच्या वाटेवर बसून मोठ्यानं रडतो, म्हणजे त्याला सोयरीक पसंत नसावी. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. दोन्हींतून लोकांनी काढलेला अर्थ खोटा आहे. दोन्हींचं मूळ एकच असून ते आमच्या दारात चार पाय पसरून बसलेलं असतं. त्याचं नाव भुऱ्या.

भुऱ्या हा कुत्रा आमच्या जमनीनं पिल्लू असताना फडक्यात गुंडाळून आणला आणि बकरीच्या दुधावर वाढवला. स्वभावानं चांगला आहे, पण जीव फार हलका. जमनीला ठेच लागली की हा लंगडतो. आता लग्न ठरल्यावर आपल्यात काय होतं ते तुम्हाला मी काय सांगणार, पण पत्रात क्रम असावा म्हणून लिहितो. दिवाळीनंतर म्हातारी सुखीबाई जमनीला ढावलो शिकवायला येऊ लागली. मुलगी सासरी जायच्या आधी आई, बाप, भाऊ, गोठा, चूल, सगळ्यांच्या गळ्यात पडून रडते आणि रडता रडता गाते, ते गाणं सरावाशिवाय येत नाही. पहिल्याच दिवशी जमनीनं सूर लावला. भुऱ्या उठून उभा राहिला. दुसऱ्या सुराला तो थरथरायला लागला. तिसऱ्या सुराला त्यानं सुखीबाईच्या घागऱ्याचं टोक तोंडात धरून तिला अंगणाबाहेर नेऊन सोडलं. (ओढून नेलं असं सुखीबाई सांगते. मी पाहिलं, तो नीट चालवत नेत होता.) त्याच्या डोक्यात बसलं की ही म्हातारी रोज येते आणि आमच्या पोरीला रडवून जाते. त्याच्या जागी मी असतो तरी मला दुसरं काही सुचलं नसतं.

बाबुलालजी आले तेव्हा जमनी घरामागे सराव करत होती. भुऱ्यानं अंगणात चहूकडे पाहिलं. ओळखीच्या माणसांत नवा माणूस एकच होता, पाहुण्यांच्या खाटेवर बसलेला, हातात नारळ. पुढचं तुम्ही चादरीवरून ओळखलं असेल. बाबुलालजी फार थोर मनाचे आहेत, ते भिंतीवर चढूनसुद्धा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "प्रेमसिंगभाऊ, वरातीत दीडशे मानूस येईन. तुह्या कुत्र्याले एवढे धोतरं पुरतीन, आमाले नाही पुरनार. कुत्रं शांत झालं असा निरोप आला तं वरात निंगन, नाही तं नाही." आता चादर नेसलेला माणूस हे भिंतीवरून बोलला तर त्याला हसावं की त्याचं ऐकावं? मी ऐकलं. माझ्या पोरीचं लग्न एका कुत्र्याच्या मर्जीवर लटकलं हे मला त्याच वेळी कळलं.

तुम्ही म्हणाल, कुत्रं बांधून ठेवा. बांधलं. त्यानं खाट ओढत आणली, खाटेवर माझा मेहुणा गुलाबसिंग निजला होता. तुम्ही म्हणाल, दूर पाठवा. त्याच गुलाबसिंगबरोबर दिग्रसला पाठवलं. तिसऱ्या दिवशी भुऱ्या परत आला, आणि चौथ्या दिवशी गुलाबसिंग त्याला शोधत आला. मग मी सुखीबाईला म्हटलं, यंदा रडणं राहू दे, पोरगी हसत जाईल. त्यावर ती माझ्याकडे अशी पाहू लागली की जणू मी लग्नात मीठ वाढू नका म्हणालो. "पोरगी रडली नाही तं लोक काय म्हनतीन? हिले मायघर सोडाची घाई झालती म्हनतीन. तुले चालते काय?" मला चालत नव्हतं. मानीबाईला तर मुळीच चालत नव्हतं. (मानीबाई आमच्या लग्नात इतकी रडली होती की माझ्या वडिलांनी दोनदा विचारलं, मुलगी आजारी तर नाही ना.)

शेवटी पुसदला गुरांच्या दवाखान्यातले कंपाउंडर भगवानराव यांना भेटलो. माणूस विद्वान आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एका म्हशीला इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "प्रेमसिंग, कोनत्याबी जनावराले भेव एकदम सोसत नाही. थोडं थोडं द्या. आधी लांबून रडा. कुत्रं गप राह्यलं की लगेच भाकरीचा तुकडा द्या. मंग रोज सात-आठ पावलं जवळ या. पंधरा दिवसांत त्याच्या कानाशी रडलं तरी ते झोपून राहीन. पन पोरीनं नाही रडाचं, तिचं त्याले सोसत नाही. ज्याच्या रडन्याचं कुत्र्याले काही वाटत नाही, असा मानूस घ्या." घरी येऊन मी हे सांगितलं. अशा माणसाची निवड व्हायला वेळ लागला नाही. मानीबाई, जमनी, गुलाबसिंग आणि सुखीबाई या सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

नेमसिंगजी, मी कधी रडलेला माणूस नाही. वडील गेले तेव्हा मी लाकडं फोडत होतो आणि फोडत राहिलो. तांड्यात माझी तशी ख्याती आहे आणि ती मला आवडते. पण वरातीचा प्रश्न होता. पहिल्या दिवशी गुरं सोडल्यावर मी तांड्याच्या कडेला, पुसदच्या वाटेवर पळसाखाली जाऊन बसलो, कारण भगवानरावांच्या हिशोबानं तिथून सुरुवात करायची होती. डोळ्यांना मिरचीचं बोट लावलं आणि सूर काढला. समोर शंभर पावलांवर आमच्या दारात मानीबाई भुऱ्याला धरून बसली होती. तो गप्प राहिला की ती त्याला तुकडा द्यायची आणि मला कळावं म्हणून पदर हलवायची. मग मी थोडा आवाज वाढवायचा. दुर्दैवानं तो बाजाराचा दिवस होता. तुमच्याकडची माणसं त्याच वाटेनं जातात हे माझ्या लक्षात राहिलं नाही. त्यांनी काय पाहिलं ते मी नाकारत नाही. नवरा झाडाखाली धाय मोकलून रडतोय, आणि बायको दारात बसून कुत्र्याला भाकर चारत नवऱ्याला पदरानं आणखी रड, आणखी रड असं खुणावतेय. मी त्यांच्या जागी असतो तर मीही घरी जाऊन सांगितलं असतं.

तिसऱ्या दिवशी आमच्या तांड्याचे नाईक फेटा बांधून आले आणि कोण गेलं म्हणून विचारू लागले. मी म्हटलं, कोणी नाही, कुत्र्यासाठी रडतोय. ते म्हणाले, कुत्रं गेलं का? मी म्हटलं, नाही, ते समोर जेवतंय. नाईक फेटा सोडून काखेत मारून निघून गेले. शेजारच्या दोन घरांतून त्या दिवशी आमच्याकडे भाजी-भाकर आली. ती चांगली होती, परत पाठवली नाही.

सहाव्या दिवसापर्यंत मी गोठ्यापर्यंत पोचलो, पण तिथून पुढे प्रगती होईना. मी नुसता सूर काढत होतो आणि भुऱ्याला त्यातली लबाडी कळत होती, तो कंटाळून उठून जायचा. भगवानराव म्हणाले, खरे शब्द लागतील. म्हणून मी सुखीबाईला म्हटलं, पोरीला जे शिकवलंस तेच मला शिकव. ती नको म्हणाली. मी हट्टच धरला. (हा माझा दोष आहे, विहीणबाईंना आधीच सांगून ठेवावा.) तेव्हा ती म्हणाली, "म्या नाही शिकवलं. सूर माहा आहे, शब्द पोरीचेच आहेत. आन् ते तुह्यासाठी आहेत, त्या दिवशीच आयकाचे असतात. पन घे." आणि तिनं ते गाऊन दाखवले.

जमनी सहा वर्षांची होती तेव्हा तिला हिवताप झाला होता. पूस नदीला पाणी आलं होतं, गाडी जाईना, म्हणून मी तिला खांद्यावर घेऊन पुसदच्या दवाखान्यात चालत नेलं. वाटेत ती सारखी विचारायची, बापू, थकलास काय? आणि मी सारखं सांगायचो, नाही. एवढीच गोष्ट, मी ती विसरूनही गेलो होतो. पोरीनं ढावलोत बांधलं आहे, बापू, तू थकला होतास, मला ठाऊक होतं, मी उतरले नाही, कारण मला तुझ्या खांद्यावर बसायला आवडत होतं.

दुसऱ्या दिवशी मी अंगणात खाटेवर बसून हे शब्द म्हणायला घेतले. मिरची घरातच राहिली होती, ती आणायला जावं लागलं नाही. किती वेळ गेला ते मी पाहिलं नाही. मानीबाई पदर हलवायची थांबली होती. भुऱ्या तिच्या हातातून सुटून माझ्याजवळ आला, आणि मला वाटलं आता हा मला अंगणाबाहेर नेणार. तो माझ्या पायावर हनुवटी ठेवून बसला. भुंकला नाही, थरथरला नाही, तुकडाही मागितला नाही. भगवानरावांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले की शास्त्राप्रमाणे हे पंधराव्या दिवशी व्हायला हवं होतं, नवव्या दिवशी झालं, तेव्हा तुमचं काम उत्तम आहे.

काल शिवरात्रीला पक्की परीक्षा घेतली. जमनी, मानीबाई, सुखीबाई आणि शेजारच्या सात बायका अंगणात गोल बसून मोकळ्या गळ्यानं रडल्या. पाहुणा म्हणून गुलाबसिंगला बाबुलालजींसारखं धोतर नेसवून आणि हातात नारळ देऊन खाटेवर बसवलं होतं. भुऱ्यानं एकदा डोळा उघडला, गुलाबसिंगकडे पाहिलं, कूस बदलली आणि घोरू लागला. गुलाबसिंग अर्धा तास भीतीनं हलला नाही, पण त्याला काही झालं नाही. तेव्हा तुम्हाला माझा निरोप असा की कुत्रं शांत झालं आहे. दीडशे काय, तीनशे माणूस आणावा. चैत्र पौर्णिमेनंतरची जी तारीख बाबुलालजींनी भिंतीवरून धरली तीच पक्की समजावी. मंडपाचं लाकूड तोडून झालं आहे. विहीणबाईंना आणि घरच्या सर्वांना रामराम, लहानांना आशीर्वाद, डाव्या बैलाला गूळ.

आपला होणारा व्याही,
प्रेमसिंग

ता. क. बाबुलालजींसाठी नवं धोतर पत्र घेऊन येणाऱ्या गुलाबसिंगबरोबर पाठवलं आहे. जुनं परत करता येत नाही, भुऱ्या त्यावर झोपतो. आमची चादर त्यांनी ठेवून घ्यावी.

दुसरा ता. क. एक गोष्ट लिहायची राहिली. भगवानराव म्हणतात की जनावराचं शिक्षण वरून पक्कं दिसलं तरी आतून कच्चं असू शकतं. घाई केली तर मागचं सगळं वाया जातं. म्हणून कुत्र्याच्या प्रकृतीचा विचार करून लग्न चैत्राऐवजी वैशाखात, शक्य तर वैशाखाच्या शेवटी धरावं अशी विनंती आहे. एका महिन्यानं तुमचं काही अडणार नाही. कुत्र्याचं मात्र कल्याण होईल.

तिसरा ता. क. पत्र बंद करायच्या आधी मानीबाईनं ते वाचून दाखवायला लावलं. दुसरा ता. क. ऐकून तिनं विचारलं, "कंपाउंडर कवा बोलला असा?" मी पाकीट शोधू लागलो. ती म्हणाली, "काहून कुत्र्याच्या नावानं मांगून राह्यला? व्याही हायेत ते, खरं लिवा." म्हणून खरं लिहितो. भगवानराव असं काही बोलले नाहीत. कुत्रं तयार आहे. मी तयार नाही. महिना मला पाहिजे. देता आला तर द्यावा. नाही देता आला तरी वरात ठरल्या दिवशी आणावी, मी वेशीपर्यंत सामोरा येईन, पाय धुवीन, जेवण वाढीन, मानात काही कमी पडू देणार नाही. फक्त जमनी माझ्या गळ्यात पडून गाऊ लागेल तेव्हा तुमच्या दीडशे माणसांपैकी एकानंही माझ्याकडे पाहू नये.