कुंडीतले तंबाखूचे झाड मुलाला देण्याबाबत

मी, खाली सही करणार, वय बाहत्तर, तंबाखूच्या गोदामातला निवृत्त कामगार, हे मृत्युपत्र राहत्या घरी, खिडकीजवळ बसून लिहीत आहे. छातीने साथ सोडली आहे, डोके अजून ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला घरात कोणी उरलेलेच नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मुलाचे नाव नव्हते.

१. दुसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे हे घर आणि बँकेतली ठेव मुलगा व मुलगी यांना समसमान मिळावी. मुलगी म्हणेल, "अकरा वर्षं जो दारात उभा राहिला नाही, त्याला अर्धं घर?" तिने कलम चार वाचेपर्यंत दम धरावा.

२. माझी लांब दांड्याची छत्री मेहुण्याला द्यावी. ती त्याने सहा वर्षांपूर्वी "उद्या आणून देतो" म्हणून नेलेलीच आहे. आता परत करण्याची तसदी घेऊ नये.

३. माळ्यावरचा पितळी फवारा भंगारात घालावा. ज्याच्या घरी झाडे आहेत अशा कोणालाही तो देऊ नये. गोदामात माझे काम एकच होते. वाळलेले पान तसेच हाताळले तर त्याचा चुरा होतो, म्हणून निवडायला घेण्याआधी त्यावर बारीक पाणी मारून ते मऊ करावे लागते. हे मी एकतीस वर्षे केले. माझ्यासारखा हात कोणाचा नाही, असे मुकादम म्हणत असे, आणि मला ते खरे वाटत असे.

४. खिडकीतली कुंडी, झाडासकट, मुलाला द्यावी. याचे कारण मी आजवर कोणाला सांगितलेले नाही.

माझी बायको त्याच गोदामात पाने निवडायची. एकदा एका गाठोड्यात तिला वाळलेले बोंड सापडले. त्यातले धुळीसारखे बारीक बी तिने घरी आणून कुंडीत पेरले. मी हसलो, तर म्हणाली, "सव्वीस वर्षं मेलेली पानं हाताळली. एक जिवंत बघू दे की!" झाड कमरेएवढे झाले, आणि तिची छाती बिघडली. ती एकोणीस दिवस दवाखान्यात होती. त्या दिवसांत झाडाला पाणी मी घातले. फवारा घेऊन, वरून, सगळी पाने निथळेपर्यंत, सकाळ-संध्याकाळ.

मुलाने मला अडवले होते. "बाबा, पानं भिजवू नका. आई मुळाशी घालते."

मी म्हणालो, "एकतीस वर्षं पानाला पाणी मारतोय. तू मला शिकवणार?"

पानांवर तपकिरी डाग पडले, मग बुंधा काळा पडून मऊ झाला. ती घरी यायच्या आदल्या दिवशी मी ते उपटून टाकले. तिने अंथरुणावरूनच विचारले, "माझं झाड कुठंय?" मुलगा तिचे औषध घेऊन शेजारी उभा होता. मुलगी दारात होती. मी म्हणालो, "याला सांगितलं होतं पाणी घालायला. घातलंच नाही यानं. वाळून गेलं."

मुलाने माझ्याकडे एकदा बघितले. मग म्हणाला, "विसरलो, आई."

"एवढंसुद्धा जमलं नाही का रे तुला?" ती म्हणाली. त्यानंतर ती त्याच्याशी बोललीच नाही. तीन दिवसांनी गेली. दिवसकार्य आटोपल्यावर तो निघाला, तो पुन्हा आला नाही. बहिणीने त्याच्याशी बोलणे टाकले. मी दोघांनाही काही सांगितले नाही.

उरलेले बी खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत होते. आत्ताचे झाड त्याच बियांच्या वंशातले आहे.

५. पाणी असे घालावे. बोट दोन पेरे मातीत घालून बघावे. कोरडे लागले तरच, सकाळी, कुंडीच्या कडेने, मातीवर, सावकाश. पानांवर थेंब पडू देऊ नये. खालच्या ताटलीत आलेले पाणी अर्ध्या तासाने ओतून टाकावे. भर दुपारी पाने माना टाकतात, तेव्हा घाबरून तांब्या उचलू नये. संध्याकाळी ती आपोआप सावरतात. सकाळीही मलूल दिसली, तरच ती तहान. मुलाला हे माहीत आहे. मला माहीत नव्हते, म्हणून मी लिहीत आहे.

६. कलम चार वकीलसाहेबांनी मुलीसमोर, मुलगा हजर असताना, मोठ्याने वाचावे. तिने भावावर जो राग धरला तो माझा होता. तो माझ्या नावावर करून घ्यावा. मुलाने कुंडी नाकारली तर आग्रह करू नये. मी मागतो आहे असेही त्याला वाटू देऊ नये.

सही करताना तळमजल्यावरचा शिंपी, माझा साक्षीदार, म्हणाला, "अहो, मेल्यावर वाचून दाखवायला हे काय भाषण आहे? आत्ता लावा फोन." त्यानेच नंबर फिरवून दिला. मुलगा म्हणाला, "कामात आहे, बाबा. बरे आहात ना? रविवारी बोलू निवांत." मी बरं म्हणालो. म्हणून हा कागद आहे तसा ठेवला आहे.

आज सोमवार. रविवारपर्यंत धकेल ना, असे मी डॉक्टरांना विचारले. त्यांनी आपली सही केली आणि पेनाला टोपण लावले.

लिहून देणार: (सही)
साक्षीदार १: शिंपी, तळमजला (सही)
साक्षीदार २: उपचार करणारे डॉक्टर (सही)
स्थळ: राहते घर, खिडकीची खोली
दिनांक: ९ मार्च, सकाळी अकरा