आईच्या टाचेवरचा डाग

शनिवार पेठ, पुणे
१२ फेब्रुवारी १९८८

प्रिय कुसुम,

उत्तर लिहीत नाही म्हणून तू माझ्यावर रुसलीस, ते बरोबरच आहे. आईच्या डाव्या टाचेवर एक काळा डाग आहे आणि तो मला अजिबात आवडलेला नाही. परवा तिथला तुकडा काढून तपासायला दिला. रिपोर्ट पुढच्या गुरुवारी येईल. आई मजेत आहे. भाजी निवडते, शेजारच्या सुहासिनीबाईंना सांगते, "आमचा श्रीधर कातडीचाच डॉक्टर, मला कसली काळजी!" मी मात्र गुरुवारपर्यंतचे दिवस मोजतोय.

दवाखाना चालू आहे. तेच गजकर्ण, तीच खरूज, तेच मुरुम. लग्नसराई आहे, त्यामुळे साध्या शिब्यांना कोड समजून घाबरलेल्या आया मुलींना घेऊन येतात, आणि जिन्यात कोणी ओळखीचं दिसलं की वरच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरकडे निघाल्याचं सांगतात. मी त्यांना हसून धीर देतो. काल एकीला मुरुमांवर खरजेचं औषध लिहून दिलं. कंपाउंडरने चिठ्ठी परत आणली म्हणून निभावलं.

मला जाग आली ती मार्केट यार्डातल्या संपतमुळे. हमाल आहे. गुडघा दुखतो म्हणून बिब्बा लावून घेतला होता. बिब्ब्याने कातडी भाजून काळी पडते, आणि दोन-तीन आठवड्यांत ती काळी साल निघून खाली नवी कातडी येते. त्याची साल निघतच होती. मी नेहमीसारखा रागावलो. "आता न्हाई लावनार, डाक्टर," तो म्हणाला. "सगळे असंच म्हणतात, आमच्या आईसकट," मी म्हटलं, आणि पुढचं औषध लिहिता येईना. आईच्या टाचेवरचं काळं मी दिवाळीपासून पाहत होतो. त्याची साल कधी निघालीच नव्हती.

आई भेगांवर बिब्बा लावते हे तुला ठाऊकच आहे. गणपतीत मी त्यावरून केवढा ओरडलो, बरणीतले बिब्बे फेकून दिले. दिवाळीत डाग दिसला तेव्हा, लपून लावतेस ना, म्हणून चिडवलं. "नाही रे, हातसुद्धा लावला नाही," ती म्हणाली. संक्रांतीला पुन्हा तेच. पेशंट खोटं बोलतात, हे वीस वर्षं पाहून पाहून मी आईलाही त्यांच्यात बसवलं. भिंग खिशात होतं, कुसुम. एकदाही खाली वाकलो नाही.

परवा वाकलो. कडा वेड्यावाकड्या, एका बाजूने शाई फुटल्यासारखा पसरलेला. जांघेत चाचपलं तर सुपारीएवढी गाठ लागली. हे मी अजून घरात कोणालाही सांगितलेलं नाही. मेडिकल कॉलेजात शिकवायला जातो तिथे मुलांसमोर कॅन्सर हा शब्द मी दिवसातून दहा वेळा उच्चारतो, आता तो मनातही आणवत नाही. मी फार घाबरलोय गं.

काल ड्रेसिंग बदलताना मला रडू आवरेना. आई माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "अरे, लावला असेल मीच. हल्ली आठवत नाही मला." तुझ्या बारशाला कोणी कुठल्या रंगाचं झबलं आणलं हेसुद्धा तिला आठवतं. मिळेल त्या गाडीने नागपूरहून निघ, गुरुवारच्या आत ये. तुलाही ती तेच सांगेल, आणि इतकं सहज सांगेल की तुला पटेल. त्याआधी हे पत्र तुझ्या हाती पडावं, एवढ्यासाठीच लिहिलंय. तिने बिब्बा लावला नव्हता.

तुझाच,
दादा