सर्व्हर रूममधली वेणी

सोमवार, ३ तारीख. सकाळी ९.१०
आजपासून रोज लिहायचं. विभागप्रमुख झालो की लोक विचारणार, हे जमलं कसं? पुरावा हवा.
तीन नवे नोड, म्हणजे सर्व्हर, आले. तिघांनी मिळून एकाच मशीनसारखं राबायचं. प्रत्येकाला दोन वायरी, आणि रॅकमध्ये त्यांना नेटवर्कला जोडणारे स्विच दोन. एक स्विच बंद पडला तरी काम थांबता कामा नये. शुक्रवारी बड्या साहेबांसमोर चाचणी. ती झाली की खुर्ची माझी. बायकोला सांगून टाकलं. म्हणाली, आधी घरातलं वायफाय नीट करा.

मंगळवार, ४
बरोबरच्या बाई चहाच्या कपालाही लेबल लावतात. म्हणून लेबलबाई. म्हणाल्या, प्रत्येक नोडची एक वायर वरच्या स्विचला, दुसरी खालच्या. दोन्ही टोकांना लेबल. मी म्हटलं, वीस वर्षं वायरी ओढतोय, सगळं पाठ असतं. ही मला शिकवणार!

बुधवार, ५. दुपारी ४
खालचा स्विच पार तळाशी. तिथवर वायर नेली की वायरींची वेणी बिघडते. सहाही वायरी वरच्यालाच लावल्या. काय देखणी वेणी बसलीय! खालच्याचाही दिवा लुकलुकतोय, म्हणजे तोही कामाला लागलाच की.

गुरुवार, ६
गोदामाचं काम नव्या नोडवर चढवलं. लेबलबाई म्हणाल्या, एकदा वरचा स्विच बंद करून बघू या. म्हटलं, परीक्षेच्या आदल्या दिवशी पेपर फोडत नाहीत.
भाषण लिहायला घेतलं. "हे यश माझ्या एकट्याचं नाही." पुढे काही सुचेना.

शुक्रवार, ७. दुपारी १२.३०
साहेबांनी वेणीचं कौतुक केलं. मग वरचा स्विच बंद केला. तिन्ही नोड गप्प. गोदामवाला बोंबलत वर आला. स्विच चालू करून साहेब म्हणाले, आता प्रत्येकाची एकेक वायर खाली न्या. मी तीन ओढल्या. दोन एकाच नोडच्या निघाल्या. तो पुन्हा आडवा. सहाही वायरी निळ्या, माणसाने ओळखायचं कसं? चूक खरेदीवाल्याची.
लेबलबाईंनी वेणीचे बंद कात्रीने कापून ती सोडवली. वीस मिनिटांत सगळं सुरू. बघवलं नाही.

सोमवार, १०. संध्याकाळी
विभागप्रमुख लेबलबाई. माझ्याकडे लेबलांची खास जबाबदारी. पहिलं लेबल त्यांच्या केबिनच्या दारासाठी. तिरकं लागलं, परत लावायला लावलं.
बायकोने विचारलं, काय झालं? खोटं कशाला बोलू? म्हटलं, विभागप्रमुखांच्या केबिनला आज पाटी लागली.
सासरे उद्या केबिन बघायला येतायत.