दार उघडले, दार बंद झाले

मुलुंड,
२४ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. श्रुतिका,
अनेक आशीर्वाद. देवाच्या कृपेने आम्ही सर्व बरे आहोत. तुझा मोबाइल हर्षदरावांकडे असतो, म्हणून हे पत्र. आई फराळाचा डबा आणेल, त्यात चकल्यांखालच्या कागदात ठेवतोय. वाचून फाडून टाक.

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूजा आटोपून तुमच्या जोगेश्वरीच्या घरी दाराला सेन्सर बसवायला आलो होतो. हर्षदराव म्हणाले, "बाबा, वायरचाच टाका, पक्का असतो." बावीस वर्षं मी हेच काम करतोय. वायर पक्की, हे खरं. पण तुमच्या चौकटीचा नवा संगमरवर कापावा लागला असता. मी म्हटलं, "वायरलेस घ्या. काडेपेटीएवढा असतो, सेलवर चालतो. दार हललं की मोबाइलवर कळतं."

तुझ्या सासूबाईंनी विचारलं, "कोणाला दिसणार नाही ना?"

तेवढ्यात तू चहा घेऊन आलीस. "बाबा, सोळाव्या मजल्यावर कसला चोर येतोय?"

मी हसलो. चहा छान झालाय म्हणालो.

तू आत गेल्यावर हर्षदरावांनी सरळच विचारलं, "ही परत तुमच्याकडे निघाली, तर कळेल ना?" श्रावणात तू दंडावर वळ घेऊन आली होतीस आणि दुसऱ्या दिवशी मीच तुला परत पोचवलं होतं, ते त्यांच्या मनात होतं. मी म्हटलं, "ती चपला घालेपर्यंत तुम्हाला कळेल."

टेस्टिंगसाठी आम्ही मेसेज जाणाऱ्या नंबरांच्या यादीत आपलाही नंबर घालतो, काम झालं की काढतो. या वेळी काढायचा राहिला. वायरचा असता तर सायरन तुमच्याच घरात वाजला असता. हा माझ्या खिशात वाजतो. पहाटे साडेपाचला, 'दार उघडले'. लगेच, 'दार बंद झाले'. मी तेव्हा देवापुढे बसलेला असतो. आधी वाटलं, दूध घेत असशील. पण दूध रोज येतं. हे आठवड्यातून दोन-तीनदा. तू उंबऱ्यापर्यंतच पोचतेस, हे मला कळतं गं.

परवा अकरा मिनिटं दार बंद झालं नाही. आई म्हणाली, "काय ओ, आरती हातातच राहिली?" मी डोळे मिटले. काय मागितलं, ते तुझ्यापासून लपवत नाही. दार बंद होऊ दे, एवढंच मागितलं. बंद झालं.

अपूर्वाच्या लग्नाची बोलणी चालली आहेत. पाहुण्यांनी तुझी चौकशी केली. थोरली सुखात आहे, असं मी सांगितलंय.

माणसाने सोसावं, वरून देव बघतो, असं गावच्या शाळेत गुरुजी सांगायचे. तो बघतोय, मग मी कशाला बघू? आज सकाळी अंघोळ केली, देवाला फूल वाहिलं आणि माझा नंबर त्या यादीतून काढून टाकला. आता तू दार कधी उघडतेस, ते किती वेळ उघडं राहतं, मला कळणार नाही.

तुझे,
बाबा